‘मला उपचार नकोत’ असे मूल म्हणते तेव्हा

“मुलगी 16 वर्षांची आहे. रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला आहे आणि आता ती किमो घेणार नाही म्हणते. तिला तसा अधिकार आहे का?” हा प्रश्न घेऊन एक आईवडील माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कायद्यापुरते उत्तर थोडक्यात देता येते. आपल्याकडे 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत उपचारांच्या संमतीपत्रावर साधारणपणे पालकच सही करतात. मात्र भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचे 12वे कलम वय आणि समज पाहून मुलाच्या मताला वजन द्यावे, असे सांगते. ब्रिटनमध्ये 2008 साली 13 वर्षांच्या एका मुलीने हृदयप्रत्यारोपण नाकारले होते. तिचे म्हणणे मान्य झाले आणि पुढच्या वर्षी तिनेच विचार बदलून शस्त्रक्रिया करून घेतली. नकार एकदा दिला की दार कायमचे बंद होते, या धास्तीने आलेल्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

मुलीला मी एकटीला भेटले आणि नेमके काय नको, एवढेच विचारले. हातावरच्या चिकटपट्टीची कड नखाने सोलत ती म्हणाली, “ते लाल औषध नको. बाटली दिसली तरी उमळून येतं. आणि सगळे दाराबाहेर जाऊन बोलतात, ते नको.”

या नकारामागे नैराश्य आहे का, किंवा घरच्यांच्या खर्चाची चिंता आहे का, हे पाहायला मला तीन भेटी लागल्या. आम्ही समुपदेशकही कधी कधी घाईने निष्कर्ष काढतो. त्यानंतर डॉक्टरांनी आईवडिलांसमोरच तिला सांगितले की आजार बरा होण्याची आशा फारच थोडी आहे, मळमळीवर मात्र औषध बदलून पाहता येईल. तिने विचारले, “किमो घेतली तर घरी किती दिवस राहता येईल?” उत्तर ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. रक्त, प्लेटलेट आणि वेदनाशामक औषधे तिला चालणार होती. किमो आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र नको होते.

“ती लहान आहे हो,” वडील पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आठवड्याने ते फॉर्म घेऊन आले, तेव्हा त्यावर रुग्णाच्या सहीची जागा नव्हती. स्वतःच्या सहीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी पेन तिच्या हाती दिले.