१९९७ च्या फायनलमध्ये झिदानला रोखणारा पॉल लॅम्बर्ट कोण होता आणि त्याने नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे: "१९९७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये डॉर्टमुंडच्या एका स्कॉटिश खेळाडूने झिदानला खेळूच दिलं नाही असं वाचलं. हा पॉल लॅम्बर्ट मदरवेलसारख्या छोट्या क्लबातून तिथे पोचला कसा? आणि एखाद्याला 'मार्क' करायचं म्हणजे ९० मिनिटं नेमकं काय करायचं?"

आधी एक दुरुस्ती. "झिदानला खेळूच दिलं नाही" हे बरोबर नाही. त्या सामन्यात युव्हेंटसच्या झिदानचा एक फटका खांबाला लागला होता. लॅम्बर्टने केलं ते इतकंच, की झिदानला सामना आपल्या हातात घेता आला नाही. माझ्या मते लॅम्बर्टची खरी कमाई या फरकातच आहे. शिवाय तो मुळात अडवाअडवी करणारा गडी नव्हताच, पास देणारा खेळाडू होता. त्याला "झिदानचा मार्कर" म्हणून लक्षात ठेवणाऱ्यांना त्याचं अर्धंच करिअर माहीत असतं.

सुरुवात पटकन सांगतो. जन्म ग्लासगोचा, ऑगस्ट १९६९. पहिला क्लब सेंट मिरन. १९८७ मध्ये सेंट मिरनने डंडी युनायटेडला १-० हरवून स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा लॅम्बर्ट १७ वर्षांचा होता आणि फायनलमध्ये खेळला होता. एवढ्या लहान वयात कप मिळाल्यावर पुढचा रस्ता सोपा असेल असं वाटतं, पण त्यानंतरची सहा वर्षं तो तिथेच राहिला. १९९३ मध्ये मदरवेलला गेला. १९९४-९५ च्या मोसमात मदरवेल स्कॉटिश लीगमध्ये रेंजर्सच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर आलं. त्या क्लबच्या ऐपतीच्या मानाने ही मोठीच मजल. त्याच मोसमात यूएफा कपमध्ये त्यांची गाठ पडली जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडशी. दोन सामने मिळून मदरवेल ०-३ हरलं, पण डॉर्टमुंडच्या लोकांनी लॅम्बर्टला समोरासमोर खेळताना पाहिलं ते इथे.

आता तो तिथे पोचला कसा. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन न्यायालयाने बोस्मन निकाल दिला. त्याआधी करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबाकडे पैसे मागू शकत असे. निकालानंतर युरोपियन युनियनमधला खेळाडू करार संपल्यावर दुसऱ्या देशातल्या क्लबात फुकट जाऊ शकायला लागला. त्याच निकालाने युनियनमधल्या परदेशी खेळाडूंच्या संख्येवरची मर्यादाही उडवली. या दुसऱ्या भागाकडे लोकांचं लक्ष जात नाही. जुन्या नियमात युरोपियन स्पर्धेत तीन परदेशी आणि दोन "मुरलेले" (म्हणजे बरीच वर्षं त्याच देशात खेळलेले) परदेशी एवढीच मुभा होती. तीन जागांसाठी निवड करायची असेल तर कुठला जर्मन चॅम्पियन क्लब मदरवेलचा मिडफिल्डर घेईल?

१९९६ च्या उन्हाळ्यात लॅम्बर्टचा करार संपला. वय जवळजवळ २७. त्याने नवा करार केला नाही आणि चाचणी द्यायला बाहेर पडला. हॉलंडमध्ये पीएसव्ही आइंडहोव्हनने त्याला घेतलं नाही. डॉर्टमुंडने घेतलं. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची मुख्य लीग, सलग दोनदा जिंकलेला तो संघ होता. माथियास झामर त्याच वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकणार होता. कोलर, मोलर, रॉयटर आणि पाउलो सोझा हे चौघेही आधी युव्हेंटसमध्ये खेळलेले. अशा ड्रेसिंग रूममध्ये चाचणी देऊन आलेला माणूस बेंचवर बसूनच परत येईल, हाच अंदाज कुणीही बांधला असता.

बदल घडवला तो कोच ओटमार हिट्झफेल्डने. स्कॉटलंडमध्ये लॅम्बर्ट बहुतेक वेळा पुढे सरकून खेळायचा. डॉर्टमुंडमध्ये तो सुरुवातीला जखमी खेळाडूंच्या जागी उजव्या बाजूला खेळला आणि मग बचावफळीच्या पुढे, मैदानाच्या मध्यात स्थिरावला. या जागेवर लागतात तीन गोष्टी: चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघण्याची सवय, एकदोन स्पर्शांत चेंडू सोडणं, आणि आपली जागा सोडून पळत न सुटणं. पहिल्या दोन त्याच्याकडे होत्याच. तिसरी तिथे अंगात भिनली. वेगाने तो काही झामर किंवा रॉयटर नव्हता, त्यामुळे चुकीच्या जागी उभं राहून मागून पळत गाठणं त्याला परवडणारं नव्हतं. मला तर वाटतं, हीच गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली.

उपांत्य फेरीत डॉर्टमुंडने मँचेस्टर युनायटेडला दोन्ही सामन्यांत १-० हरवलं. मग २८ मे १९९७, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम, समोर गतविजेता युव्हेंटस.

मांडणी समजल्याशिवाय मार्किंग समजणार नाही, म्हणून ती नीट बघू. गोलात क्लोस. मागे कोलर आणि क्री, त्यांच्या मागे मोकळा झामर. कडांवर उजवीकडे रॉयटर, डावीकडे हाइनरिख. मध्यात लॅम्बर्ट आणि सोझा, त्यांच्या पुढे मोलर. सगळ्यात पुढे रीडल आणि शापुइझा. युव्हेंटसचे दोन स्ट्रायकर बोकशिच आणि व्हिएरी, त्यांना कोलर आणि क्रीने एकेक वाटून घेतलं. झामर कुणालाच बांधलेला नाही. म्हणजे लॅम्बर्ट चुकला तरी मागे एक माणूस शिल्लक. पुढे-मागे कुणी नसताना झिदानवर एकटा माणूस सोडला असता तर पहिल्या अर्ध्या तासातच गडबड झाली असती.

आता मूळ प्रश्न, ९० मिनिटं करायचं काय. बहुतेकांच्या डोक्यात मार्किंग म्हणजे सावलीसारखं चिकटणं. झिदानसारख्या खेळाडूला नुसतं चिकटलात तर तुमचं वजन कुठल्या पायावर आहे हे त्याला पाठीनेच कळतं, आणि तो उलट्या बाजूने वळतो. खरं काम चेंडू त्याच्यापर्यंत पोचण्याआधी सुरू होतं. त्या सामन्यात युव्हेंटसचा चेंडू मागून पुढे यायचा तो मुख्यतः देशां आणि युगोविच या मिडफिल्डरांकडून. देशांकडे चेंडू असताना लॅम्बर्टने झिदानच्या मागे नाही, तर किंचित बाजूला, देशां ते झिदान या रेषेच्या कडेला उभं राहायचं. मग पास देणाऱ्याला वाटतं की तो मध्ये कापला जाईल, आणि तो कडेला देतो. हा न दिलेला पास हायलाइट्समध्ये कधीच दिसत नाही. मार्करचं निम्मं काम असल्या न दिलेल्या पासांचं असतं.

चेंडू पोचलाच, तर पहिलं लक्ष्य हिसकावणं नसतं, वळू न देणं असतं. झिदानची पाठ गोलाकडे असेपर्यंत तो फक्त मागे किंवा आडवा पास देऊ शकतो. त्यासाठी हातभर अंतर ठेवायचं, गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, आणि त्याला कडेकडे, म्हणजे आपल्याच दुसऱ्या माणसाच्या दिशेने ढकलत राहायचं. पाय घालायचा तो फक्त चेंडू त्याच्या पायापासून सुटलेला असताना. चेंडूवर तळवा ठेवून गर्रकन फिरण्याची झिदानची ती प्रसिद्ध युक्ती चालते, कारण समोरच्याने आधीच झेप घेतलेली असते. कबड्डीत चढाईपटूचा पाय दिसला की झेपावणारा कोपरारक्षक जसा हमखास फसतो, तसंच हे. लॅम्बर्ट सहसा झेपावत नव्हता, वाट बघत होता.

यात चुका कुठे होतात? पहिली, झिदान मुद्दाम डाव्या कडेला किंवा आपल्याच बचावफळीपर्यंत मागे जातो आणि मार्करला सोबत ओढून नेतो. मध्यात भगदाड पडतं आणि त्यात दुसराच कुणी घुसतो. यावर उपाय एकच: ठरावीक टप्प्यापलीकडे तो गेला की त्याला सोडायचं आणि सोझाच्या किंवा रॉयटरच्या हवाली करायचं. त्यासाठी ओरडून सांगावं लागतं, आणि तेही परक्या भाषेत. दुसरी, बॉक्सच्या २०-२५ मीटर परिसरात फाउल. मार्किंग करणाऱ्याची ही नेहमीची चूक, कारण फ्री किक म्हणजे मार्किंग रद्द होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिसरी, लवकर मिळालेलं यलो कार्ड, ज्यानंतर मार्कर दोन पावलं लांब उभा राहतो आणि झिदानला हवं तेच मिळतं. चौथी चूक शुद्ध मार्करांची: चेंडू आपल्याकडे आला की घाईघाईत कुठेतरी भिरकावून देणं. मग चेंडू दहा सेकंदांत परत येतो.

इथे लॅम्बर्टचं मूळचं अंग उपयोगी पडलं. २९ व्या मिनिटाचा गोल काढून बघा. मोलरच्या कॉर्नरवर युव्हेंटसने चेंडू बाहेर काढला, तो उजवीकडे लॅम्बर्टला मिळाला. बचावपटू बॉक्समधून बाहेर पळत असतानाच त्याने चेंडू पुन्हा आत, लांबच्या खांबाकडे उचलून दिला. बचावफळी बाहेर जात असताना आत थांबलेला रीडल मोकळा सापडला, छातीवर घेतला आणि गोल. त्या क्षणी चेंडू थांबवून सजवत बसला असता तर रीडल ऑफसाइड. पाच मिनिटांनी मोलरच्या कॉर्नरवर रीडलने हेडरने दुसरा मारला.

हाफ टाइमला युव्हेंटसचा कोच लिप्पीने बचावपटू पोरिनीला काढून देल पिएरोला आणलं. ६५ व्या मिनिटाला बोकशिचच्या चेंडूवर देल पिएरोने टाचेने सुंदर गोल केला. मात्र तीन आक्रमक पुढे आल्याने मध्यातली माणसं कमी झाली आणि चेंडू मिळवायला झिदानला आणखी मागे यावं लागलं, असं माझं मत आहे. गोलापासून ४० मीटरवरचा झिदान डॉर्टमुंडला चालत होता. ७१ व्या मिनिटाला नुकताच मैदानात आलेला लार्स रिकेन मोलरच्या पासवर धावला आणि पहिल्याच स्पर्शात गोलकीपर पेरुत्झीच्या डोक्यावरून चेंडू गोलात. ३-१. ब्रिटनबाहेरच्या क्लबाकडून हा चषक जिंकणारा लॅम्बर्ट हा पहिला ब्रिटिश खेळाडू. "युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) जिंकणारा पहिला स्कॉटिश" असं काही ठिकाणी लिहिलेलं दिसतं, ते साफ चूक आहे. सेल्टिकने तो १९६७ लाच जिंकला होता.

पुढचं करिअर सेल्टिकचं. नोव्हेंबर १९९७ मध्ये, चषक जिंकून जेमतेम सहा महिने झाले असताना, तो ग्लासगोला परतला. डॉर्टमुंडचे चाहते त्याच्या जाण्याने खरंच हळहळले. सेल्टिकपुढे तेव्हा एकच काम होतं: सलग नऊ लीग जिंकलेल्या रेंजर्सला दहावी मिळू द्यायची नाही. २ जानेवारी १९९८ च्या रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात सेल्टिक २-० जिंकलं, त्यात लॅम्बर्टचा दुरून मारलेला जबरदस्त गोल होता. मे महिन्यात सेल्टिकने लीग घेतली. नंतर २००१, २००२ आणि २००४ मध्ये आणखी तीन. २००१ च्या मोसमात तर तिन्ही देशांतर्गत चषक. तो कर्णधारही झाला. २००३ मध्ये सेव्हिलला यूएफा कपच्या फायनलमध्ये मोरिन्योच्या पोर्तोकडून जादा वेळेत २-३ असा पराभव झाला.

स्कॉटलंडकडून ४० सामने. १९९८ च्या वर्ल्ड कपच्या उद्घाटनाच्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध तो खेळला, स्कॉटलंड १-२ हरलं आणि पुढे पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. झिदानला हवा असलेला चॅम्पियन्स लीगचा चषक मात्र मिळाला २००२ मध्ये, लेव्हरकुझेनविरुद्धच्या त्या डाव्या पायाच्या व्हॉलीवर, आणि तोही लॅम्बर्टच्याच ग्लासगोमध्ये, हॅम्पडेन पार्कवर.

खेळणं संपवण्याच्या सुमारास त्याने प्रशिक्षकाचा कोर्स ब्रिटनमध्ये न करता जर्मनीत केला. मॅनेजर म्हणून सगळ्यात चांगला काळ नॉरिचचा. ऑगस्ट २००९ मध्ये त्याच्या कोलचेस्टरने नॉरिचला त्यांच्याच मैदानावर ७-१ हरवलं आणि थोड्याच दिवसांत नॉरिचने त्यालाच उचललं. दोन वर्षांत दोन बढत्या मिळवून नॉरिच तिसऱ्या स्तरावरून प्रीमियर लीगमध्ये पोचलं. त्यानंतरच्या ॲस्टन व्हिला, स्टोक, इप्सविच वगैरे नोकऱ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

फायनलचा पूर्ण सामना कुठे मिळाला तर पहिली ३० मिनिटं चेंडूकडे बघूच नका. देशांकडे चेंडू गेला की नजर लॅम्बर्टवर ठेवा, तो कुठल्या खांद्यावरून मागे बघतो आणि झिदानच्या कुठल्या बाजूला उभा राहतो ते पाहा. हायलाइट्सवर भागवू नका, त्यात तो फक्त रीडलच्या गोलाला दिसतो.