आयसीयूत नव्यानं रुजू झालेल्या सिस्टरला

आधी पेशंटकडे बघ, मग मॉनिटरकडे. आपल्या मराठवाड्यात कीटकनाशक प्यालेले पेशंट वारंवार येतात. त्या विषावरचं औषध ॲट्रोपीन चालू असताना नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या सगळेच बघतात. तू छातीही ऐक, घरघर कमी झाली का ते कळायला हवं. पेशंट बोलू लागला, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडला, की तू जास्त सावध राहा. विष घेतल्यावर साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. दर फेरीला म्हणायचं, "दादा, उशीवरून मान उचला बरं." उचलेना, तर ऑक्सिजन ९८ दिसत असला तरी डॉक्टरांना लगेच बोलाव. ऑक्सिजन लावलेला असला की तो आकडा उशिरा पडतो. मण्यार चावलेल्यांतही मान आणि पापण्या अशाच बघत राहायच्या.

व्हेंटिलेटरवर डोकं ३० ते ४५ अंश वर, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे तुला शिकवलेलंच आहे. पुनर्वसन मात्र डिस्चार्जपर्यंत लांबवू नको. बीपी स्थिरावलं की डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टला बोलाव. आधी हातपाय हलवणं, मग पलंगाच्या काठावर बसवणं. पडून राहिलं की मांड्या आठवड्याभरातच वाळू लागतात, आणि ऊसतोडीला जाणाऱ्याची भाकरी त्या पायांवरच असते.

रात्री दिवे मंद ठेव. आजी अचानक भलतंच बडबडू लागल्या तर वयावर ढकलू नको, डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा बुद्धीचा गोंधळ, असू शकतो, डॉक्टरांना सांग. चष्मा लावून दे, लेकीला आत बोलाव. गावाकडची माणसं मशीनला घाबरतात, "पेशंटला हात लावू का?" विचारतात. हात धुवायला लाव आणि लावू दे.