गरीब वस्त्यांमधल्या लोकांच्या नवकल्पनांना सरकार नेमकी कशी मदत करू शकतं?

तुमचा प्रश्न असा आहे की हातावर पोट असलेली माणसं गरजेपोटी जे नवं शोधून काढतात, ते पुढे जावं म्हणून सरकारने काय करावं, आणि स्पर्धा व पुरस्कार यांनी काही साधतं का. माझं मत आधीच सांगते. पुरस्कार जरूर द्यावेत, पण सरकारच्या हातात त्याहून कितीतरी मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे खरेदी. सरकारइतकं मोठं गिऱ्हाईक दुसरं नाही. ते कुणाकडून, कोणत्या अटींवर घेतं यावर सगळं ठरतं.

यासाठी ब्राझीलच्या टाक्यांचं उदाहरण नीट समजून घ्यावं असं आहे. त्या देशाच्या ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यात वर्षातले थोडेच महिने पाऊस पडतो. तिथल्या एका गवंड्याने साओ पावलोत पोहण्याचे तलाव बांधताना सिमेंटचे तयार तुकडे जोडायचं तंत्र शिकून घेतलं आणि गावी परतल्यावर त्याच तंत्राने पावसाचं पाणी साठवायची गोल टाकी बांधली. टाकी अर्धी जमिनीत असते, छपरावरचं पाणी पन्हाळीतून तिच्यात येतं. 16,000 लिटर पाण्यात एका कुटुंबाचं कोरड्या महिन्यांतलं पिणं आणि स्वयंपाक भागतो. 2003 पासून स्वयंसेवी संस्थांच्या एका जाळ्याने अशा दहा लाख टाक्यांचा कार्यक्रम हाती घेतला आणि सरकारने त्याला पैसा पुरवला. सरकारने टाक्या कारखान्यातून आणून वाटल्या नाहीत, हे इथे महत्त्वाचं. गावातल्याच लोकांना गवंडीकाम शिकवलं, त्यात बायकाही होत्या. खड्डा घरच्यांनी खणला. टाकीला तडा गेला तर बुजवणारा माणूस शेजारीच राहत होता.

मग 2011 मध्ये सरकारला घाई झाली. काम लवकर उरकावं म्हणून तयार प्लास्टिकच्या टाक्या लाखोंच्या संख्येने घ्यायचं ठरलं. त्या सिमेंटच्या टाकीपेक्षा महाग होत्या, आणि त्यांचा पैसा गावात न राहता कंपनीकडे जाणार होता. हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. पाणी तर दोन्ही टाक्यांत सारखंच साठतं, मग एवढा विरोध कशाला, असं कुणाला वाटेल. पण प्लास्टिकच्या टाकीबरोबर गावातलं कसब आणि त्या कसबावर मिळणारी मजुरी दोन्ही जाणार होती. 2013 च्या कायद्याने हा टाक्यांचा कार्यक्रम राष्ट्रीय केला आणि अशा कामासाठी नेहमीच्या निविदेशिवाय स्वयंसेवी संस्थांशी करार करायची सोय केली. ही एक ओळ मला शंभर पुरस्कारांपेक्षा मोलाची वाटते. कारण नेहमीच्या निविदेत तीन वर्षांची उलाढाल दाखवा, पूर्वी माल पुरवल्याचा दाखला जोडा, अनामत रक्कम भरा, अशा अटी असतात. एकट्या कारागिराचा अर्ज तिथेच बाद होतो, त्याची वस्तू कशी आहे ते कुणी बघतसुद्धा नाही.

खरेदीच्या आधी चाचणी येते, आणि तिथे सरकारी दवाखाने, प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठं यांची दारं उघडी हवीत. जयपूर फूट उभा राहिला तो एका सरकारी रुग्णालयात, 1960 च्या दशकाच्या अखेरीस. रामचंद्र शर्मा हे फारसं न शिकलेले कारागीर आणि डॉ. प्र. क. सेठी हे अस्थितज्ज्ञ. कारागिराने रबराचा पाय घडवायचा, रुग्णांनी तो घालून बघायचा, डॉक्टरांनी कुठे चुकतं ते सांगायचं. त्यातून मांडी घालता येईल, उकिडवं बसता येईल, अनवाणी चिखलातून चालता येईल असा पाय तयार झाला. शर्मांना रुग्णालयात पाऊलच ठेवता आलं नसतं तर त्यांचं कसब किती पुढे गेलं असतं, याचा विचार करा.

पैशाबद्दल थोडक्यात. सुरुवातीला लागणारी रक्कम लहान असते, पण बँक तारण मागते. भारतात राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान या सामान्य लोकांच्या शोधांना मदत करणाऱ्या संस्थेने 2003 मध्ये सिडबीच्या, म्हणजे लहान उद्योगांसाठीच्या बँकेच्या, मदतीने तारण न घेता पैसा देणारा निधी सुरू केला. दिशा बरोबर आहे, आवाका वाढायला हवा.

हक्काचा मुद्दा मात्र मला फार लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून, वर्षानुवर्षं पेरून एचएमटी भाताचं वाण तयार केलं. ते अनेक राज्यांत पसरलं. दादाजींना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्तेही मिळाला, पण वाणाच्या विक्रीतला वाटा मिळाला नाही, आणि 2018 मध्ये ते गेले तेव्हाही घरात गरिबीच होती. शेतकऱ्याला स्वतःचं वाण शुल्क न भरता नोंदवता येईल असा कायदा आपल्याकडे 2001 मध्ये झाला. चांगला कायदा आहे. पण नोंदणीची कागदपत्रं भरायला माणूस बांधावर गेला पाहिजे. शेतकऱ्याने कार्यालय शोधत यावं अशी अपेक्षा ठेवली तर तो येणार नाही.

कधी कधी सरकारने फक्त आडवं न येणं हीसुद्धा मोठी मदत असते. केनियात लोक मोबाइलचा टॉकटाइम एकमेकांना पाठवून त्याचा पैशासारखा वापर करतच होते. 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आली तेव्हा तिच्यासाठी वेगळा कायदा नव्हता. तिथल्या मध्यवर्ती बँकेने ग्राहकांचे पैसे बँकेत स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवायला लावले आणि 'हरकत नाही' असं पत्र दिलं. लोकांचा पैसा सुरक्षित राहिला आणि कामही अडलं नाही.

शेवटी एक अडचण, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवी, न रुळलेली वस्तू विकत घेणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षणाची भीती असते. वस्तू चालली तर त्याला काही मिळत नाही, फसली तर चौकशी लागते. मग तो जुन्याच ठेकेदाराकडून घेतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक खात्यात अशा खरेदीसाठी एक लहानसं स्वतंत्र अंदाजपत्रक असावं, आणि यातल्या काही वस्तू फसतील, त्याबद्दल अधिकाऱ्यावर ठपका येणार नाही, हे मंजुरीच्या आदेशातच लिहिलेलं असावं.