सीएच्या ऑफिसात शिकायला जाताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून कॉमर्सच्या विद्यार्थ्यांची पत्रं आली. बहुतेकांना चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात कामाचा अनुभव घ्यायचाय किंवा तो सुरू झालाय. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: सहाव्या सत्रात १२० तासांचं ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. जळगावला सीएंकडे करायचंय. हे पुढे आर्टिकलशिपमध्ये धरतात का? आणि कुठल्या महिन्यात जावं? (टी.वाय.बी.कॉम.ची विद्यार्थिनी, अमळनेर)

नाही धरत. कॉलेजचं ट्रेनिंग हे श्रेयांकांसाठी असतं. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणून चार श्रेयांकांचे १२०. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी सीएंच्या हाताखाली करायचं प्रशिक्षण, ही आयसीएआय या सीएंच्या संस्थेची. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. सीएच्या इंटरमीडिएट परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर आणि आयसीआयटीएसएसचे (संगणक आणि व्यवहारकौशल्यांचे) कोर्स झाल्यावरच ती सुरू करता येते, आणि सुरू केल्यापासून ३० दिवसांत फॉर्म १०३ भरून नोंदणी व्हावी लागते. एक महिना सीएंकडे बसलो म्हणजे आर्टिकलशिपचा एक महिना कमी झाला, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

महिना फेब्रुवारी निवडा. ३१ जानेवारीला डिसेंबरअखेरच्या तिमाहीचं टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) रिटर्न असतं, ते उरकलं की ऑफिसात तुम्हाला काही दाखवायला माणसं मोकळी सापडतात. मार्चात कोणी तुमच्याकडे मान वर करून बघणार नाही. आणि सुरुवात एक तारखेच्या आसपासच करा. रोज सहा तास धरले तर १२० तास वीस दिवसांत होतात, आणि तेवढ्यात एका महिन्याचं पूर्ण चक्र डोळ्यांखालून जातं: ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला पोर्टलवर येणारं २बी (खरेदीवर भरलेल्या, वजा मिळणाऱ्या कराची यादी), २० ला ३बी (महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न). पंधरा तारखेनंतर गेलात तर विक्रीची बाजू कशी तयार होते हे दिसतच नाही, फक्त शेवटची धावपळ दिसते. रेल्वेने अप-डाऊन करणार असाल तर वेळ आधीच ठरवून घ्या. साडेपाचच्या गाडीसाठी रोज घुटमळत उठणं बरं दिसत नाही.

प्रश्न: मला जिनिंगच्या कापूस खरेदीच्या पावत्या टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवायला दिल्या. शेतकऱ्यांकडे जीएसटी नंबर नसतो, म्हणून मी कर शून्य धरला. सरांनी सगळ्या नोंदी रद्द करायला लावल्या. चुकलं काय? (एम.कॉम. विद्यार्थी, शिरपूर)

चुकलं ते मोठं आहे, पण नव्या मुलांचं हमखास होतं. शेतकऱ्याला जीएसटी लागत नाही हे खरं. पण नोंदणीकृत व्यापारी शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतो तेव्हा कर भरण्याची जबाबदारी उलटते आणि घेणाऱ्यावर येते. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, ऑफिसात सगळे ‘आरसीएम’च म्हणतील. दर ५ टक्के.

हिशोब करून बघा. ४० क्विंटल कापूस, भाव ७,००० रुपये धरू, म्हणजे २,८०,०००. त्यावर १४,००० कर: केंद्राचा सीजीएसटी ७,०००, राज्याचा एसजीएसटी ७,०००. हे १४,००० आधीच्या क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळते करता येत नाहीत, चलन काढून रोख खात्यातूनच भरावे लागतात. ३बी मध्ये ते ३.१ (डी) मध्ये देणं म्हणून दाखवायचे आणि भरले की ४ (ए) (३) मध्ये क्रेडिट म्हणून घ्यायचे. शेवटी बेरीज शून्य होते, म्हणून मुलांना वाटतं नोंद केली काय नि नाही काय. पण कर वेळेत भरला नाही तर व्याज लागतं आणि नोटीस येते ती जिनिंगवाल्याला.

शेतकरी बिल देत नाही, म्हणून घेणाऱ्यानेच स्वतःच्या नावे बिल बनवायचं, माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. तुमच्या गठ्ठ्यात ही बिलं होती का ते आधी बघा. नसतील तर तुमच्या नोंदींच्या आधीच एक काम राहिलंय आणि ते सरांना सांगा.

आता पावत्या लावायच्या कशा. प्रत्येक खरेदीला तीन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत: काटापावती, हिशोबपट्टी आणि पैसे दिल्याचा पुरावा. काटापावतीवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन असं तीन आकड्यांत असतं. हिशोबपट्टीत निव्वळच घेतलंय ना, किलोचे क्विंटल करताना दशांश घसरला नाही ना, ओलाव्यापोटी कापलेली रक्कम भावात धरली की वेगळी दाखवली, हे बघा. पट्टीतला आकडा आणि बँकेतून गेलेला आकडा यांत फरक असेल तर हमाली, तोलाई किंवा आधी दिलेली उचल असते. तो फरक शोधल्याशिवाय पुढच्या पावतीला हात लावू नका. वीस पावत्यांचे फरक साठले की कुठला कुणाचा हे देवालाही सांगता येत नाही.

सातबारा कशाला जोडतात हेही विचारलंय. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च आयकरात नाकारला जातो. शेतमाल पिकवणाऱ्याला दिलेले पैसे त्यातून सुटतात, पण तो पिकवणाराच आहे हे दाखवता आलं पाहिजे. आपल्याकडे सातबारा वडिलांच्या नावावर आणि पैसे घ्यायला मुलगा, असं सर्रास असतं. अशा पावतीवर पेन्सिलीने खूण करून बाजूला ठेवा. आणि माल शेतकऱ्याचा नसून गावातल्या खेडा खरेदीवाल्याचा असेल तर ती सवलतही नाही आणि आरसीएमही नाही.

प्रश्न: जायच्या आधी घरी काय शिकून जावं? कॉलेजात टॅली झालंय. (एस.वाय.बी.कॉम., नंदुरबार)

जीएसटी नंबर वाचायला शिका. पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. पुढची दहा म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं समोरचा कोण आहे: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. नंदुरबारात याचा उपयोग रोज होईल. कापडाचं बिल सुरतेचं, नंबर २४ ने सुरू, माल इकडे पाठवलेला, तर त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) हवा. सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं दिसलं तर ते बिल चढवू नका, दाखवा. त्या कराचं क्रेडिट इथे मिळत नाही.

टॅलीचं म्हणाल तर कॉलेजात शिकवलेलं पुरतं, फक्त दोन सवयी लावा. रोख बँकेत भरली किंवा बँकेतून काढली की एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट नव्हे. आणि पहिली नोंद करण्याआधी वरच्या बाजूला कंपनीचं नाव आणि वर्ष वाचा, मग एफ२ ने तारीख बदला. एकाच मालकाच्या तीन फर्म असतात, नावात एका शब्दाचा फरक. दिवसभराचं काम दुसऱ्याच फर्ममध्ये गेलं की संध्याकाळी कळतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं काम असेल तर चुकलेली नोंद गुपचूप पुसायला जाऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणं बंधनकारक आहे. केलेलं, पुसलेलं, सगळं दिसतं.

प्रश्न: मुलगी धुळ्यात आर्टिकलशिप करतेय. तिची मैत्रीण जळगावला आहे, तिचं विद्यावेतन जास्त. असं कसं? शिवाय हिला रोज उशीर होतो आणि अर्धा वेळ फायलीच लावते. (एक पालक, धुळे)

किमान विद्यावेतन गावाच्या लोकसंख्येवर ठरतं. २० लाखांच्या वर, ४ ते २० लाख, आणि ४ लाखांच्या खाली असे तीन गट आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे होतं आणि धुळे पावणेचार लाखांच्या आसपास, म्हणून गट वेगळा. ते किमान असतं, जास्त द्यायला कोणाची ना नाही. रक्कम मुलीच्या बँक खात्यातच आली पाहिजे. (कॉलेजच्या १२० तासांना मात्र हे लागू नाही, तिथे मिळालं तर मिळालं.)

कामाचे तास आठवड्याला साधारण ३५. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिटच्या तारखांना उशीर होणारच, पण एरवी वर्षभर रात्री आठ वाजत असतील तर तिनेच आधी सरांशी बोलावं, तुम्ही लगेच फोन करू नका.

फायलींबद्दल आमचं मत वेगळं आहे. मागच्या वर्षीचं ऑडिट कसं झालं, कुठला प्रश्न अशिलाला विचारला होता, त्याने काय उत्तर दिलं, हे त्या फायलीतच असतं. लावताना वाचत असेल तर फायदा आहे. सहा महिने झाले तरी तेवढंच असेल तर मात्र तिने बँकेचं जुळवणीपत्रक किंवा स्टॉक मोजणीला जाण्याचं काम मागून घ्यावं.

प्रश्न: ऑफिसातून अशिलांचे ओटीपी माझ्या मोबाइलवर घ्यायला सांगतात. घेऊ का? रिपोर्टमध्ये खऱ्या फर्मचे आकडे चालतील का? (विद्यार्थी, चोपडा)

स्वतःचा नंबर कोणाच्याही पोर्टलवर टाकू देऊ नका. महिन्याभरात तुम्ही जाल, नंबर तिथेच राहील आणि पुढच्या प्रत्येक रिटर्नला तुम्हाला फोन येईल. अशिलाची डिजिटल सही असलेला, पेनड्राइव्हसारखा टोकनही तुमच्या ताब्यात नको. बिलाचा फोटो काढून घरून काम करतो म्हणालात, तेही नको.

रिपोर्टमध्ये नावं, जीएसटी नंबर, खरे आकडे काहीच घालू नका. ‘एक डाळमिल’ म्हणा, आकडे बदला, पद्धत खरी ठेवा. रोजच्या डायरीत तारीख, तास आणि केलेलं काम एका ओळीत लिहा आणि दर शनिवारी सही घ्या. शेवटच्या दिवशी वीस सह्या मागितल्या की वैताग येतो. प्रमाणपत्र लेटरहेडवर, त्यात कधीपासून कधीपर्यंत आणि एकूण किती तास हे स्पष्ट असावं. नुसतं ‘एक महिना काम केले’ असं असेल तर कॉलेज परत पाठवतं.