वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या टाकीत एंजलफिश कोणता ठेवावा?

प्रश्न : माझी टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद व 2 फूट उंच असून ती वर्षभर खाऱ्या पाण्यावर चालू आहे. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी आणि दोन डॅमसेल (लहान, भांडखोर मासे) आहेत. खडक सिरॅमिकचे आहेत, प्रवाळ नाहीत. दुकानात एम्परर एंजलचे 3 इंची पिल्लू आले आहे. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ते पिल्लू आणि सोबत कोरल ब्यूटी हा एक छोटा एंजल घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एम्परर घेऊ नये. कोरल ब्यूटी अवश्य घ्यावा, मात्र एकच.

एम्पररच्या पिल्लाची भुरळ कोणालाही पडेल. गडद निळ्या अंगावर एकात एक बसलेली पांढरी वर्तुळे असा रंग दुसऱ्या क्वचितच एखाद्या माशाला लाभला असेल. परंतु साधारण 10 सेंटिमीटरच्या पुढे वाढ झाली की ही वर्तुळे हळूहळू विरत जातात, त्यांच्या जागी पिवळे-निळे आडवे पट्टे उमटतात आणि समुद्रात हा मासा 40 सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. दुकानात आपण जे विकत घेतो ते केवळ त्याचे बालपण असते, आणि सांभाळायचा असतो तो पुढचा मोठा, हद्दीसाठी भांडणारा, दिवसभर खडक चाचपत फिरणारा मासा. आपल्या टाकीत काठोकाठ सुमारे 340 लिटर पाणी मावते; वाळू व खडक वजा जाता त्याहून बरेच कमी उरते. एम्पररला किमान 6 फूट लांबीची आणि 700 लिटरच्या आसपासची टाकी हवी.

टाकीच्या मापाने मासा वाढतो, हे विधान मी अनेक दुकानांत ऐकले आहे आणि त्यामुळे होणारे नुकसान पाहून मला मनापासून वाईट वाटते. अपुऱ्या जागेत व साचत जाणाऱ्या नायट्रेटमध्ये माशाची वाढ खुंटते, हे खरे; पण ते आजारपण असते, जुळवून घेणे नव्हे, आणि त्याने माशाचे आयुष्य घटते.

कोरल ब्यूटी हा सेंट्रोपायगी या बुटक्या एंजलच्या प्रजातीतला मासा. निळ्या-जांभळ्या अंगावर केशरी झाक असलेला हा मासा जेमतेम 10 सेंटिमीटर वाढतो. तो मुख्यतः खडकावरचे बारीक शेवाळ खरवडून खातो. म्हणूनच नव्या, चकचकीत टाकीत तो उपाशी राहण्याचा धोका असतो आणि तुमच्यासारख्या वर्षभर मुरलेल्या टाकीत रमतो. त्याला दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे खाद्य द्यावे : गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ असलेले खाद्य आणि क्लिपला लावलेला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा. दोन कोरल ब्यूटी एकत्र सोडल्यास बहुधा मारामारी होते. हे मासे आधी मादी असतात आणि त्यांतला वरचढ मासा पुढे नर होतो, त्यामुळे आकाराने स्पष्ट लहान-मोठी जोडी मोठ्या टाकीत कधी कधी जुळते; आपल्या टाकीत तो प्रयोग नको. डॅमसेल नव्या माशाला छळतात, म्हणून खडकांची मांडणी थोडी बदलावी आणि नवा मासा पहिले काही दिवस टाकीतच जाळीदार डब्यात ठेवावा.

मासा निवडताना रंगापेक्षा पोट आणि भूक पाहावी. डोक्यामागचा पाठीचा भाग खपाटीला गेलेला नसावा, कल्ल्यांची उघडझाप धापा टाकल्यासारखी नसावी आणि डोळे स्वच्छ असावेत. विक्रेत्याला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. जो मासा दुकानात खात नाही, तो घरी खाईल या आशेवर घेऊ नये. फिलिपिन्स व इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची वाईट प्रथा अनेक दशके चालत आली आहे. असा मासा दिसायला धडधाकट असतो आणि काही आठवड्यांनी विनाकारण मेल्यासारखा मरतो. त्यामुळे मासा कुठून आला हे विचारण्यात संकोच करू नये, आणि तो दुकानात किमान दोन आठवडे राहून खातो आहे याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.

घरी आणल्यावर, मुख्य टाकीत सोडण्याआधी, चार आठवडे वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी कित्येक आठवडे माशांविना चालवावी लागते. त्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण बुटके एंजल तांब्याला नाजूक असल्याने टेस्ट किटने रोज मोजल्याशिवाय ते देऊ नये.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पंप आणि दिव्यांच्या उष्णतेने पाणी सहज 30 अंशांवर जाते, तर या माशांना 25 ते 27 अंश मानवते. चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) परवडत नसल्यास पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावावा; मात्र मग बाष्पीभवन वाढते, आणि ती तूट मीठ न घातलेल्या आरओ पाण्यानेच भरावी, अन्यथा क्षारता चढत जाते.

प्रश्न : आमच्या 6 फुटी टाकीत मांसल प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांचे नातलग असलेले फुलासारखे जीव) आणि एक ट्रायडॅक्ना शिंपला आहे. मुलीला रिगल एंजल फार आवडला आहे. तो चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : रिगल एंजल निसर्गात प्रामुख्याने स्पंज व ट्युनिकेट (खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे जीव) खातो. अनेक रिगल टाकीत येऊन काहीही न खाता मरतात. जे खाऊ लागतात, त्यांतले बरेच पुढे मांसल प्रवाळांचे लचके तोडतात आणि शिंपल्याच्या मऊ कडाही कुरतडतात. हिंदी महासागर व तांबड्या समुद्रातला पिवळ्या छातीचा रिगल पॅसिफिकमधल्या करड्या छातीच्या रिगलपेक्षा लवकर खाऊ लागतो, असा जाणत्या हौशी लोकांचा अनुभव आहे. तरीही आपला प्रवाळसंग्रह पणाला लावावा, असे मी सुचवणार नाही.

आपल्यासाठी एंजलची जेनिकँथस ही प्रजाती योग्य आहे. हे एंजल पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे प्रवाळांना सहसा तोंड लावत नाहीत, आणि नर-मादीचे रंग निरनिराळे असल्याने एक नर व एक-दोन माद्या अशी निवड डोळ्यांनी करता येते. लमार्क एंजल त्यांत सर्वांत काटक. हे मासे बऱ्याचदा खोल पाण्यातून वर आणलेले असतात आणि घाईने वर काढल्यास त्यांच्या हवेच्या पिशवीला इजा होते. शेपूट वर व डोके खाली करून धडपडत पोहणारा मासा म्हणून नाकारावा. टाकीवर जाळी हवी, कारण ते उडी मारतात.

अमेरिकेत टाकीत पैदास केलेले एंजल मिळतात, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. हवाईत फ्रँक बेन्श यांनी 2000 नंतरच्या दशकात बुटक्या एंजलची पिल्ले वाढवून दाखवली. या पिल्लांचे तोंड इतके बारीक असते की पिल्लांना नेहमी दिले जाणारे रोटिफर हे सूक्ष्म जीवही त्यांना गिळता येत नाहीत, त्यांना कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांची डिंभके (नुकतीच जन्मलेली पिल्ले) द्यावी लागतात. एवढ्या कष्टाने वाढवलेला मासा महाग असणारच. परंतु तो घरी आणल्याच्या पहिल्या दिवसापासून तयार खाद्य खातो.

प्रश्न : आमच्याकडे जाळ्यात कधी कधी निळ्या कमानदार रेषांचा तपकिरी मासा आणि त्याची पट्टेदार पिल्ले येतात. पिल्लू टाकीत ठेवता येईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : वर्णनावरून तो ब्लू रिंग एंजल असावा. कल्ल्याच्या वरच्या बाजूस निळे वर्तुळ दिसले की ओळख पक्की समजावी. मासा काटक आहे, पण तो 45 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्यामुळे पुण्याच्या वाचकांना जागेविषयी जे सांगितले, ते इथे अधिकच लागू होते. शिवाय जाळ्यात घासटलेल्या माशाचे खवले गेलेले असतात आणि तिथेच संसर्ग होतो. मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीविना कोणताही जीव उचलता येत नाही, आणि दगडी प्रवाळ तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने अभयारण्याबाहेरूनही घरी आणणे गुन्हा ठरतो.

आपली पहिलीच टाकी असल्यास पैदास केलेल्या क्लाउनफिशपासून सुरुवात करावी. घराजवळचे समुद्राचे पाणी वापरायचे असेल तर ते खाडीच्या मुखापासून दूर, पावसाळा सरल्यावर भरावे, काही आठवडे अंधारात झाकून निवळू द्यावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) दर हजारी 35 भागांच्या आसपास क्षारता दाखवत असेल तरच टाकीत घालावे.