घरी वेबसाइट बनवून तपासायला फुकटात वेब सर्व्हर कसा बसवावा?

तुम्ही विचारलंय की पीएचपी आणि मायएसक्यूएलवर एक प्रोजेक्ट करताय, मशीन विंडोजचं आहे, खर्च करायचा नाही, तर झॅम्प (वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपीचा तयार संच) घ्यावं की दुसरं काही. शिवाय तीच साइट घरातल्या मोबाईलवर उघडून बघायची आहे. हे सगळं एक पैसाही न भरता होतं. त्यासाठी वेगळं मशीन, डोमेन, होस्टिंग यातलं काहीच लागत नाही. वेब सर्व्हर म्हणजे शेवटी एक प्रोग्रॅम. तो एका पोर्टवर (मशीनवरच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर) लिसन करत म्हणजे मागणीची वाट बघत बसतो आणि ब्राउझरने मागितलेली फाइल किंवा पीएचपीने तयार केलेलं पान परत पाठवतो. ज्या लॅपटॉपवर कोड लिहिताय त्याच लॅपटॉपवर तो आरामात चालतो.

झॅम्प वाईट नाही. एका इन्स्टॉलरमध्ये अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा मायएसक्यूएलसारखाच डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल मिळतं, त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइल टाकली की पान दिसतं. पहिल्याच आठवड्यात कोडवर लक्ष द्यायचं असेल तर तेच घ्या. पण प्रोजेक्ट पुढे खरोखर होस्टिंगवर चढवायचा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की विंडोजवरच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चालू करा, त्यात उबंटू हे लिनक्स घ्या आणि अपाचे, पीएचपी, मारियाडीबी तिथे नेहमीच्या पॅकेजमधून बसवा. कारण बहुतेक होस्टिंग लिनक्सवर असतं आणि लिनक्सला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं वाटतं. कोडमध्ये लोगोच्या फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने लिहिलं आणि खरी फाइल स्मॉल अक्षराने असली, तर विंडोजवर चित्र बिनबोभाट दिसतं आणि होस्टिंगवर चढवल्यावर ४०४ (फाइल सापडली नाही) येतो. अशा चुका घरीच सापडलेल्या बऱ्या. त्यासाठी प्रोजेक्ट उबंटूच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. डब्ल्यूएसएलमधून दिसणाऱ्या सी ड्राइव्हवर ठेवलात तर हा फायदाही जातो आणि फाइल वाचण्याचा वेगही चांगलाच घटतो.

अपाचे की एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर, हा वाद तुमच्यासाठी एका गोष्टीवर मिटतो: होस्टिंगवर जे असेल ते घरी बसवा. अपाचे एचटीअ‍ॅक्सेस फाइल (फोल्डरमध्येच ठेवलेली सर्व्हरची सेटिंग) वाचतो, एन्जिनएक्स ती अजिबात बघत नाही. घरी अपाचेवर सुंदर चालणारे रीराइटचे (यूआरएल बदलून दुसरीकडे वळवण्याचे) नियम एन्जिनएक्सवर मुकाट्याने निकामी होतात. दोन्ही मोफत आणि मुरलेले आहेत. अपाचे १९९५ पासून आहे, एन्जिनएक्स २००४ पासून.

नुसता एखादा छोटा तुकडा तपासायचा असेल तर एवढंही करू नका. पीएचपी ५.४ पासून पीएचपीच्या आतच एक लहानसा सर्व्हर येतो, एका ओळीत चालू होतो. साधी एचटीएमएल पानं असतील तर पायथनसोबत येणारा एचटीटीपी सर्व्हर पुरतो, तो आपणहून ८००० पोर्ट घेतो. पीएचपीचा हा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. त्यामुळे तुमचं पान स्वतःच्याच एपीआयला कॉल करत असेल (म्हणजे त्याच सर्व्हरकडे आणखी डेटा मागत असेल) तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात आणि ब्राउझर नुसता फिरत राहतो. तेव्हा कोडमध्ये खोट शोधत बसू नका, अपाचेवर या.

सर्व्हर चालूच होत नसेल तर बहुतेक वेळा ८० नंबरचं पोर्ट आधीच कुणीतरी धरलेलं असतं. विंडोजवर आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर नेहमीचा संशयित. नेटस्टॅट कमांडने पोर्ट कुठल्या प्रोसेसकडे आहे ते कळतं. भांडत बसण्यापेक्षा अपाचेला ८०८० वर हलवा आणि पत्त्यात लोकलहोस्टपुढे (हे स्वतःच्याच मशीनचं नाव) कोलन देऊन ८०८० लिहा. डेव्हलपमेंटमध्ये त्याने काहीही बिघडत नाही.

आता ज्या ठिकाणी सर्वात जास्त वेळ जातो ते. प्रोजेक्ट होम फोल्डरमध्ये ठेवला, अपाचेच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (एका साइटपुरत्या सेटिंगमध्ये) त्याचा पाथ दिला, ब्राउझर उघडला आणि ४०३, म्हणजे परवानगी नाही. अशा वेळी लोक वैतागून सगळ्या फोल्डरला ७७७ परवानगी (कुणालाही वाचायला, लिहायला, चालवायला मोकळीक) देऊन टाकतात. कृपया ते करू नका, आधी एरर लॉग (सर्व्हर चुका लिहून ठेवतो ती फाइल) उघडा. उबंटूवर तो व्हार फोल्डरच्या आत, लॉगमधल्या अपाचे२ फोल्डरमध्ये असतो. टेल कमांडने तो एका खिडकीत सतत उघडा ठेवा, शेजारी ब्राउझर रिफ्रेश करा आणि नवी ओळ वाचा. ४०३ एकच दिसला तरी कारणं दोन असतात आणि लॉग ती वेगळी सांगतो. ओळीत ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ असेल तर अपाचेच्या सेटिंगनेच अडवलंय. उबंटूवरचा अपाचे मुळात ठरावीक फोल्डर सोडून बाकी सगळं बंद ठेवतो, म्हणून तुमच्या फोल्डरसाठी डिरेक्टरी ब्लॉकमध्ये ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहावं लागतं. पण ओळीत ‘सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ’ असेल तर सेटिंग कितीही बदला, फरक पडणार नाही. इथे लिनक्सच अपाचेला वाटेतल्या एखाद्या फोल्डरमधून पुढे जाऊ देत नाहीये. उबंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून कुणालाच आत शिरता येत नाही, आणि अपाचे तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या वेगळ्याच युजरने चालतो. एन, ए, एम, ई, आय या अक्षरांची एक छोटी कमांड आहे. तिला एल ऑप्शन आणि पूर्ण पाथ दिला की ती रूटपासून तुमच्या फाइलपर्यंतचा प्रत्येक फोल्डर परवानगीसकट एकाखाली एक दाखवते. कुठे अडतंय ते नजरेला दिसतं. तेवढ्याच फोल्डरला इतरांसाठी एक्सिक्यूट (आत शिरण्याची) परवानगी द्या, बस्स.

व्हर्च्युअल होस्ट लिहिताना डॉक्युमेंट रूट (ज्या फोल्डरमधून सर्व्हर फाइल देतो तो) प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरवर लावू नका. आत पब्लिक नावाचा फोल्डर करून फक्त तो दाखवा. डेटाबेसचा पासवर्ड असलेली एनव्ही फाइल आणि गिटचा (कोडचे बदल जपणाऱ्या टूलचा) लपलेला फोल्डर त्याच्या बाहेर राहतील, म्हणजे यूआरएल टाइप करून ते कुणाला मिळणार नाहीत. घरी ही सवय लागली की होस्टिंगवर वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

साइटला नाव द्यायचं असेल तर होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपीला जातं ते सांगणारी फाइल) १२७.०.०.१ या स्वतःच्याच मशीनच्या पत्त्यासमोर ते लिहा. ब्राउझर विंडोजचा असल्याने विंडोजची होस्ट्स फाइल बदला, उबंटूची नव्हे. नावाचा शेवट डॉट टेस्ट असू द्या. ही शेपटी १९९९ पासून चाचणीसाठी राखून ठेवलेली आहे. जुन्या लेखांमध्ये डॉट डेव्ह वापरायला सांगितलेलं दिसेल, ते आता चालत नाही. ते गूगलचं खरं डोमेन आहे आणि २०१७ च्या अखेरीपासून क्रोम त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतो.

मोबाईलचं सांगतो. सर्व्हर १२७.०.०.१ वर लिसन करत असेल तर तो फक्त त्याच मशीनला उत्तर देतो. वायफायवरच्या इतर उपकरणांना दिसण्यासाठी त्याला ०.०.०.० वर (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर) लिसन करायला लावा, विंडोजच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी उघडा आणि मोबाईलमध्ये लॅपटॉपचा आयपी टाका, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. डब्ल्यूएसएल मात्र मूळ सेटिंगमध्ये वेगळ्या आतल्या नेटवर्कवर असतं, त्यामुळे मोबाईलला ते दिसत नाही. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून त्याला मिरर्ड नेटवर्किंग (विंडोजचंच नेटवर्क डब्ल्यूएसएललाही) देता येतं, ते चालू करा. तरीही अडलं तर हायपर-व्हीचा (डब्ल्यूएसएल ज्यावर चालतं त्या विंडोजच्या यंत्रणेचा) स्वतंत्र फायरवॉल बघा. आणि कॅमेरा, लोकेशन किंवा सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) वापरत असाल तर लॅपटॉपवर चालणारी गोष्ट मोबाईलवर बंद पडेल. ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित धरतो, पण साध्या एचटीटीपीवरच्या १९२.१६८ च्या पत्त्याला धरत नाही. त्यासाठी एमकेसर्ट नावाचं मोफत टूल आहे. ते तुमच्यापुरतं सर्टिफिकेट बनवतं, त्याचं रूट सर्टिफिकेट मोबाईलमध्येही टाकावं लागतं. त्याची खासगी चावी कुणालाही देऊ नका.

डेटाबेसला मात्र १२७.०.०.१ सोडून बाहेर पडू देऊ नका. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या रूट युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो, कारण ते फक्त शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी बनवलंय. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून येणारी मागणी घरातल्या मशीनकडे वळवून) असा सर्व्हर जगाला उघडा करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अनेक इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटतात, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग तसंही चालत नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला तर तुमच्याकडे तेच आहे. दूरच्या कुणाला काम दाखवायचं असेल तर टनेल (तुमच्या मशीनपर्यंत तात्पुरता इंटरनेट पत्ता) देणारी मोफत सेवा तेवढ्यापुरती चालवा, पानाला पासवर्ड लावा आणि दाखवून झालं की लगेच बंद करा.

प्रोजेक्टमधून ईमेल जात असतील तर ते तपासायला मेलपिट नावाचं टूल बसवा. तुमच्या कोडने पाठवलेला प्रत्येक मेल ते अडवून ब्राउझरमध्ये दाखवतं, त्यामुळे चाचणीच्या नादात खऱ्या माणसाला खोटा मेल जात नाही. पीएचपीच्या सेटिंगमध्ये मेल पाठवण्याचा पत्ता त्याच्याकडे वळवला की झालं.