पहिली मशीन घेण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले शिलाई मशीनचे तिन्ही फोटो पाहिले. उषा-जानोमेची पांढरी, सिंगरची काळी, आणि ‘फॅक्टरीत हीच चालते’ म्हणत दुकानदाराने पुढे केलेली जॅक. खाली तुझी एकच ओळ, “काकू, यातली चांगली कोणती?” अगं, तिन्ही चांगल्या आहेत. त्यांच्यावर तू काय शिवणार, तेवढंच कळवायला विसरलीस.

गावात बसून काम करायचं म्हणजे ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि जूनमध्ये गणवेश, असं धरून लिहिते. मग पांढरी आधी बाजूला ठेव. ती घरगुती मशीन आहे. झिगझॅग, काज, पिको, नक्षीचे टाके सगळं येतं, मिनिटाला आठशेच्या आसपास टाके घालते, आवाजही कमी. (जानोमे म्हणजे जपानीत ‘सापाचा डोळा’. गोल बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, तशी दिसते म्हणून ते नाव. मला हे कळल्यापासून बॉबिन बदलताना उगाच हसू येतं.) पण रोज आठ-दहा तास आणि जाड कापड हे तिचं काम नव्हे.

मी हीच चूक केली होती. कंपनी कोणती ते सोड. नक्षीच्या टाक्यांना भुलून तसलीच एक घेतली आणि तिच्यावर कॅनव्हासच्या पिशव्यांची ऑर्डर शिवायला बसले. दिवाळीच्या तोंडावर आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते गेले. सुटा भाग गावात नाही, तालुक्यात नाही. तो येईपर्यंत शेजारणीच्या मशीनवर रात्री बारापर्यंत ब्लाऊज उरकले. आणि ते नक्षीचे टाके? एकूण दोनदा वापरले, दोन्ही वेळा भाचीच्या फ्रॉकवर.

काळ्या मशीनचं तसं नाही. सिंगरने आपल्या मशीनचं पेटंट घेतलं १८५१ साली. आज आपल्याकडे मिळणारी साधी काळी मशीन सिंगरच्याच एका जुन्या घडणीवर बेतलेली आहे. उषा घे, सिंगर घे, मेरिट घे, नाहीतर लुधियानातून येणाऱ्या पन्नास लेबलांपैकी एखादं घे, आतला सांगाडा बहुतेक एकच. एकीची बॉबिन केस (बॉबिन ठेवायची डबी) दुसरीला बसते, सुई तीच, आणि शटल (खाली दोरा पकडून टाका घालणारा भाग) तालुक्याच्या बाजारात कुठेही मिळतं. मग नावाचे जास्तीचे पैसे कशाचे? ओतकामाचे आणि घासकामाचे. हातचाक दोन बोटांनी फिरवून बघ. चांगली मशीन एका लयीत फिरते. हलक्या दर्जाची असेल तर फिरताना मध्येच एका जागी अडखळते. सुई ज्यात बसते तो दांडा धरून हळूच हलव, खडखड नको. हजार-दीड हजाराचा फरक असेल आणि हात समाधानी असेल, तर नाव असलेलीच घे. फरक तीन-चार हजारांवर गेला तर दुकानातली दुसरीही चालवून बघ.

चालवून म्हणजे तुझ्या कापडावर. दुकानदार कडक खळीचा पांढरा तुकडा देतो, त्यावर कुठलीही मशीन सरळ टाका घालते. तू पर्समध्ये ब्लाऊजच्या रुबिया कापडाचा तुकडा, अस्तराचा एक निसरडा तुकडा आणि जुन्या जीन्सची शिवण घेऊन जा. वरून काळा दोरा लाव, खाली पांढरा. शिवून झालं की तुकडा उलटा कर. खालच्या बाजूला काळ्या दोऱ्याचे फास लोंबत असतील तर वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, सैल आहे. वर पांढरे ठिपके दिसले तर ते आवळलेलं आहे. ही गोष्ट स्क्रूने सुटते, तेवढ्यासाठी मशीन नाकारू नकोस. पण टेन्शन जुळल्यावरही जीन्सच्या जाड सांध्यावर टाका सुटत राहिला तर ती सोडून चालू लाग. बॉबिन केसही दोऱ्याने टांगून बघ. हलका झटका दिला की ती बोटभर खाली यायला हवी. सरसर घसरली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट.

आता जॅक. जॅक कंपनी चिनी, फॅक्टरीच्या तसल्याच मशीन करणारी जुकी जपानी. जुकीच्या डीडीएल-८७०० या मॉडेलचा कमाल वेग मिनिटाला ५,५०० टाके. तुझ्या ब्लाऊजच्या गळ्याला एवढा वेग काय करायचा? पण गणवेशाची ऑर्डर नक्की मिळाली, वीज बेभरवशाची नसली, तर हीच मशीन पैसे काढून देते. फक्त सर्व्हो मोटर माग. क्लच मोटर तू कापड लावत बसलीस तरी फिरतच राहते आणि बिल वाढवते. सुईही वेगळी लागते, गोल दांड्याची. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, ती इथे चालत नाही. तुझ्याकडे लोडशेडिंग किती तेही धर. काळी मशीन पायाने चालते, अंधारात मेणबत्तीवरसुद्धा.

आत्याची जुनी सिंगर फुकट मिळतेय असं म्हणालीस. आधी खालची सरकपट्टी उघड. गोल बॉबिन असेल तर आनंदाने घे. होडीसारखं लांबट शटल निघालं तर ती दिवाणखान्यात शोभेला ठेव, तिच्या बॉबिन शोधण्यात तुझे दिवस जातील. तेल मशीनचंच घाल. खोबरेल घातलेली मशीन थंडीत कशी आखडते ते मी पाहिलंय.

दुकानदार भाव सांगेल तेव्हा विचार, नुसत्या हेडचा (वरच्या मशीनचा) की स्टँड-टेबलासकट? तिथेच दोघींच्या भावाची तुलना फसते. पक्कं बिल घे आणि दुरुस्तीला घरी कोण येणार त्याचा नंबर दुकानातूनच लावून बघ. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. पैसे भरण्याआधी सेवा केंद्रात चौकशी कर.

माझं मत विचारशील तर आत्ता काळी घे. पिको महिनाभर बाहेरून करून आण. किती साड्या येतात ते वहीत मांड, मग पिकोची वेगळी मशीन बघू. शनिवारी दुकानात जायच्या आधी माझ्याकडे ये. जीन्सची शिवण मी कापून ठेवते, तुझ्या घरातल्या सगळ्या जीन्स ताणणाऱ्या कापडाच्या, त्यांचा उपयोग नाही.

तुझी,
काकू